निघताना भरलेला रांजण

अहमदपूरचं मिशनचं घर सोडायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि माझे सत्तरीचे वडील हापशावरून घागरी आणत होते. पप्पा जन्मभर ख्रिस्ती मिशनचे प्रचारक. धर्माबाद, उदगीर, अहमदपूर, बदलीचं पत्र आलं की आम्ही निघायचो. निघताना रांजण काठोकाठ भरून ठेवायचा, हा त्यांचा नेम. पुढचा प्रचारक बायकापोरांसह धुळीनं माखून येतो, त्याला आल्या आल्या पाणी हवं. मिशनच्या घरांत वाढलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असतं. या वेळी मात्र मागून कुणीच येणार नव्हतं. पप्पा निवृत्त झाले आणि ते घर बंदच होणार होतं.

"पप्पा, कुणासाठी भरायलात?" मी चिडून विचारलं. त्यांनी रांजणावर झाकण ठेवलं आणि टेम्पोत जाऊन बसले.

गावोगाव माणसं जोडली, स्वतःसाठी चार भिंती काही बांधल्या नाहीत. याचा मला राग होता, खरं सांगायचं तर अजूनही आहे. नर्सिंगसाठी नांदेडला आले तेव्हाच मी ठरवलं होतं, कुणाच्या पत्रानं सोडावं लागणार नाही असं घर घ्यायचं. घेतलं. विष्णुपुरीच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट, नळ उघडला की पाणी.

टेम्पो दोघांना घेऊन तिथंच आला. आई महिन्याभरात रमली. पप्पांची पत्र्याची पेटी मात्र पलंगाखाली बांधलेलीच. त्यातच भर म्हणून त्यांनी बाजारातून एक रांजण आणला आणि रोज भरायला लागले. आमच्याकडे रांजण भरणं म्हणजे निघणं. जुन्या गावांतल्या, चर्चच्या मंडळीतल्या लोकांचे फोनही यायचे, "पाळकसाहेब, इकडंच या, आमी सांभाळताव." माझं घरही त्यांना बदलीचं ठिकाणच वाटतंय, या विचारानं मी एकदा ड्युटीवर रडले.

शेवटी एका दुपारी, चपलाही न काढता, विचारलं, "पप्पा, तुम्हाला जायचंय का?"

"जायचं तर हायच. पर ते वर. त्याला बदलीचं पत्र लागत न्हाई."

"मग हा रांजण?"

"तू ड्युटीवरनं उन्हाची येतीस. आल्या आल्या पाणी नको व्हय?"

त्यांनी तांब्या भरून दिला. मी उभ्या उभ्या प्यायले. इतक्या गावांत त्यांनी ज्यांच्यासाठी पाणी भरून ठेवलं, त्यांतलं कुणीही ते पिताना पप्पांनी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी ते समोर बसून बघत होते. पेटी अजून बांधलेलीच आहे. राहू दे.