नाहीबाई

माझ्या आत्याला टेलिफोन कंपनीत सगळे नाहीबाई म्हणत. तरुणपणी ती ऑपरेटर असताना कुणीतरी तिला माईकसमोर बसवून दोन वाक्यं वदवून घेतली होती: "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही. कृपया क्रमांक तपासून पाहा." बंद झालेला कुठलाही नंबर लावा, आत्या हजर. आतोबा म्हणायचे, "अख्ख्या शहराला नाही म्हणणारी बाई मलाच कशी हो म्हणाली, देव जाणे." त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला की ती त्याच आवाजात सांगायची, "आपण मागितलेला चहा अस्तित्वात नाही." आम्ही मुलं हसून लोळायचो. तसं हसणं आता घरात होत नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, आत्या ते शिकली आणि वरच्या मजल्यावर गेली. निवृत्ती जवळ आली असताना नवा कायदा आला: फोन सोडणाऱ्या ग्राहकाने सांगितलं तर कंपनीने त्याची माहिती पुसून टाकायची. साहेबांनी ते काम आत्याच्या गळ्यात मारलं. मी तेव्हा नुकतीच तिच्या हाताखाली लागले होते.

आमच्याकडे पुसणं म्हणजे काय, तर नावापुढे 'बंद' अशी खूण करायची. नाव पडद्यावरून जाई, पण आत जसंच्या तसं राही. बिलांत, तक्रारींत, कुणी कुणाला फोन केला त्या नोंदींत. आत्या म्हणाली, "हे पुसणं नाही, झाकणं आहे."

साहेब हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"मूठ आपली असेल तर, साहेब. ही दुसऱ्याची आहे."

मग ती हात धुऊन मागे लागली. एका विभागातून नाव काढावं तर दुसऱ्यात सापडे. बिघाड झाला म्हणून साठवलेली जुनी प्रत चढवली की पुसलेली माणसं पुन्हा हजर. तिने तेही बुजवलं. शेवटी अशी जोडणी केली की सगळीकडून नाव गेल्याशिवाय नंबर तुटायचाच नाही, वाजतच राहायचा. कामाची खात्री करायला ती सरळ फोन उचलून तो नंबर लावायची. "वाजला तर झाकलंय. मी बोलले तर पुसलंय." मोबाइलला तेव्हा यंत्राचा आवाज आला होता, घरच्या फोनांना मात्र अजून तिचाच होता.

आतोबा गेले, काही वर्षांनी तीही अंथरुणाला खिळली. एकदा माझा हात धरून म्हणाली, "मी गेले की माझंही पूस. आणि चिमणे, झाकू नकोस."

ती गेली. घराला कुलूप लागलं, पण घरचा फोन चालू राहिला. कामावरून परतताना मी तो लावायचे. रिकाम्या खोलीत तिच्या पलंगाशेजारच्या तिपाईवर तो वाजतोय, हे मला माहीत असायचं. आंघोळीला गेली असेल, येईल उचलायला, असं क्षणभर वाटायचं. वेडेपणाच तो, पण तेवढ्यावर माझा दिवस निभायचा.

मग आतेभावाने तिच्या इच्छेप्रमाणे अर्ज केला, आणि तो आला माझ्याच टेबलावर. मी त्याला कितीतरी दिवस हात लावला नाही. नुसती खूण केली असती तर कुणाला कळणार होतं? अर्ज निकालात निघाला असता आणि फोन वाजत राहिला असता. पण झाकून ठेवलेल्या आत्याला मी काय तोंड दाखवणार होते?

पुसलं. बिलं गेली. तक्रार एकच निघाली, तीही तिने आमच्याच कंपनीविरुद्ध केलेली, ती गेली. रोज संध्याकाळी तिने मला केलेल्या फोनांची लांबच लांब रांग होती. ती पुसताना मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

मग तिच्या रीतीप्रमाणे फोन उचलून नंबर लावला. वाजला नाही.

"आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही," माझी तरुण आत्या म्हणाली. "कृपया क्रमांक तपासून पाहा."

मी तपासून पाहिला. मग पुन्हा लावला.