होडीच्या रंगातली जीन्स

नातीची जीन्स मी खराब केली नाही. मी ती सुधारली. घरात यावर अजून दोन मतं आहेत (एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळं घर), पण मी यत्ता दुसरीतून उठलेला माणूस असलो तरी एकदा बोललेला शब्द मागं घेत नाही. होडी मागं घेता येते. शब्द नाही.

गावात केबल नवीन आली होती तेव्हाची गोष्ट. आमचं गाव वटारच्या पुढं, समुद्राला लागून. नात रेश्मा नववीत होती आणि नालासोपाऱ्याच्या शाळेत एसटीनं जायची. तिचं नाचाशी फार जमायचं आणि गणिताशी अजिबात नाही. तेव्हा माझ्या सुनेनं अट घातली, सहामाहीला गणितात पास झालीस तरच गॅदरिंगला नाचायचं. पोरीनं टीव्हीकडं पाठ केली, उंबऱ्यावर बसून गणितं सोडवली आणि पास झाली! मग नाचात घेतली. आठ मुलींचा नाच, आणि आमची रेश्मा पुढच्या रांगेत मधोमध.

पण बाईंचा नियम होता, सगळ्यांना निळी जीन्स आणि पांढरा शर्ट. जिच्याकडं नसेल तिच्या जागी दुसरी. ती दुसरी तयारच होती. ब तुकडीतली कोणी मुलगी रोज तालमीच्या वेळी खिडकीत येऊन उभी राहायची. (आपण मासळी कापायला बसलो की मांजर येऊन बसतं ना, तशी.)

आमच्या घरात जीन्स कुठून असणार? शर्ट होता. जीन्स रेश्मानं मैत्रिणीकडून मागून आणली. मैत्रीण पल्लवी, राहणार तुळिंज, बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर, बाप मुंबईला हापिसात. तीपण त्याच नाचात होती आणि तिच्याकडं दोन जीन्स होत्या. रेश्मानं घरी येऊन घडी उलगडली, अंगाला लावून आरशासमोर गिरकी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी जीन्स दोरीवर टांगून शाळेत गेली.

मी पडवीत बसलो होतो. जीन्स समोर लोंबत होती. मी बघतो तर गुडघ्यावर पांढरी, मांडीवर पांढरी, मागं तर पार विटलेली! उठलो आणि कापड बोटांत धरून बघितलं. आणि काय सांगू, कापड शिडाचं! तेच जाड कापड, तीच तिरकी वीण. उभा जन्म मी शिडाखाली काढला, कापड ओळखायला मला कोण शिकवणार?

"अगो," मी बायकोला हाक मारली, "पोरीला कोनी इटलेली पँट दिली."

गोमती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तशीच असते ती. टीव्हीत पन तशीच असते."

"टीव्हीवाल्यांना शीड कलतंय काय? ह्याला खाऱ्या पान्यानं खाल्लंय."

"अवो, पोरीला विचारा आधी."

"त्यात विचारायचं काय? इटलेल्या शिडाला काय देतात?"

आता हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागेल. नायलॉन यायच्या आधी आमची जाळी आणि शिडं सुती असायची. ती कुजू नयेत म्हणून ऐनाची साल मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या काढ्यात सगळं बुडवायचं. असं साल दिलेलं शीड वर्षानुवर्षं टिकतं. गावात साल द्यायला माझा हात धरणारा कोणी नव्हता. नायलॉन आल्यावर माझा हंडा माळ्यावर गेला, उरलेल्या सालीचं पोतं त्याच्या शेजारी गेलं, आणि मीही जवळजवळ तिथंच गेलो होतो. त्यात आमच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याची वस्तू आणली तर आणली त्याहून चांगली करून परत द्यायची. कोणाची कोयती आणली तर धार लावून द्यायची, टोपली आणली तर तुटलेली काडी बांधून द्यायची.

मग जीन्सला साल नको द्यायला?

हंडा खाली काढला. काढा उकळला. त्या वासानं मला वीस वर्षं तरुण झाल्यासारखं वाटलं! जीन्स बुडवली, काठीनं ढवळली, पुन्हा बुडवली. वर काढली तेव्हा तिच्यावर असा काळपट तांबडा रंग चढला होता की माझेच डोळे भरून आले.

रेश्मा दुपारी आली. दोरीकडं बघितलं.

"आजा, माझी जीन्स कुठंय?"

"समोर काय हाय?"

"ही कोणाची?"

"तुजीच. आता धा वरसं कुजायची नाय!"

पुढं जी किंकाळी आली ती होडीवर ऐकू गेली असावी, कारण माझा पोरगा जाळं अर्धं सोडून किनाऱ्याला लागला.

"आजा, उद्या गॅदरिंग आहे! उद्या! ब्लू हवी, ब्लू! आणि ती माझी नाहीये, पल्लवीची आहे!"

ती उंबऱ्यावर बसली. त्याच उंबऱ्यावर, जिथं तिनं गणितं केली होती. रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती एका हाताची नखं दुसऱ्या हातानं खरवडत बसली. मग हळूच म्हणाली, "आता ती खिडकीवाली नाचणार."

मला ते लागलं. पण चुकलं असं म्हणेन तर मी कसला! म्हणालो, "निळीच पायजे ना? मग निळी करू. त्यात काय येवडं!"

गोमतीनं कपड्यांची नीळ आणून दिली. मी अख्खी बाटली बादलीत ओतली. पण सालीचा रंग तो सालीचाच, वरून कोणाचं ऐकतो होय? जीन्स बाहेर आली ती खाजणातल्या शेवाळासारखी हिरवट. रेश्मानं डोळे मिटून घेतले.

"अवो, आता तरी गप ऱ्हावा," गोमती म्हणाली.

पण तेवढ्यात मला कोपऱ्यात डबा दिसला. नारळी पुनवेला होडीला दिलेला निळा ऑइल पेंट, अर्धा डबा शिल्लक! झाकण उघडलं. रंग कसा, तर जीन्सला लाजवेल असा.

"आजा, नाही," रेश्मा म्हणाली.

"तुजी मैत्रीन नाचंल ती निळी, नि तू नाचशील ती पन निळी. लांबून कोन बघतंय?"

तिनं जीन्सकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. तिला ती खिडकी दिसली असावी. म्हणाली, "जास्त जाड नका देऊ."

जीन्स चुलीवर शेकून सुकवली. दोन वल्ही जमिनीत रोवली, एकेक पाय एकेका वल्ह्यावर चढवला आणि ब्रश धरला. पहिला हात. मग दुसरा. (दुसऱ्या हाताशिवाय रंग बसत नाही, हे होडी रंगवणारं पोरही सांगेल.) शिवणीत पाणी शिरू नये म्हणून तिथं जरा जास्त दिला. सकाळी वल्ही काढून घेतली.

जीन्स उभीच राहिली!

तिच्या आत शिरायला रेश्माला पडवीच्या कठड्यावर चढावं लागलं. मी एक पाय धरला, गोमतीनं दुसरा, आणि पोरगी वरून होडीत उतरावी तशी उतरली. गुडघा वाकेना. चालली की कडकड असा आवाज यायचा. पण लांबून, मी कठड्यापासून पार माडापर्यंत लांब जाऊन बघितलं, निळी म्हणजे निळी!

गोमतीलाही घेऊन आम्ही एसटी धरली. गाडीत जागा होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, बसा की, जागा हाय."

"नको, मी उभीच बरी."

"अहो, बसा! सोपाऱ्यापर्यंत काय उभ्या राहता?"

"बसता येत नाही," मी म्हणालो, "पँट नवी हाय."

कंडक्टरनं नाक वर करून वास घेतला. "गाडीत रंगाचा डबा कोणाचा आहे? रंग न्यायला परवानगी नाही!" आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत राहिलो. रंग एसटीत उभा होता, हे त्याला कोण सांगणार?

शाळेच्या पटांगणात मांडव. आम्ही दोघं चौथ्या रांगेत. पडदा उघडला. आठ मुली, आठ निळ्या जीन्स, आठ पांढरे शर्ट. मधोमध आमची. मी गोमतीला कोपर मारलं, "ओलख बरं, कुठली ती!" ओळखू येतच होती. बाकीच्या सात गुडघ्यात वाकत होत्या आणि ही होकायंत्राच्या काट्यासारखी नुसती वळत होती. पण ताल चुकत नव्हता!

आता एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. जाड दिलेल्या ऑइल पेंटवर साय लवकर धरते आणि थंडीत आतला रंग ओलाच राहतो. होडीचं चालतं, होडी नाचत नाही.

नाचात एक टप्पा होता. दोन्ही हात मांड्यांवर जोरात आपटायचे. रेश्मानं आपटले. साय फुटली. मग शेजारणीच्या हातावर टाळी. दोन्हीकडच्या शेजारणींचे तळहात निळे झाले. मग सगळ्यांनी जागा बदलायच्या आणि समोरचीच्या पाठीवर हात ठेवायचा. पांढऱ्या शर्टावर निळा पंजा! पुढच्या फेरीत दोन पंजे. मग चार. मग खांदे, मग बाह्या. एकीनं घाम पुसला तर गालावर पंजा!

मी खुर्चीत खाली सरकलो. आता दगड येतील असं वाटलं. आणि पाठीमागून कोणीतरी ओरडलं, "एक नंबर! वन्स मोअर!"

सगळा मांडव उभा! लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. मुली हुशार, थांबल्या नाहीत. वन्स मोअरला तर त्या मुद्दाम पंजे उठवायला लागल्या. पल्लवीनं आमच्या रेश्माच्या पाठीवर दोन्ही हात असे दाबले की बायका शिट्ट्या मारायला लागल्या. आणि ती खिडकीवाली? ती पडद्याच्या कडेला उभी राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती.

पहिला नंबर. पाहुणे कप द्यायला वर आले, पांढरा सफारी घालून. प्रत्येकीशी हात मिळवला. मग त्याच हातानं कपाळावरचे केस मागं सारले आणि माईकपुढं उभे राहिले. निळं कपाळ घेऊन म्हणाले, "इतक्या वर्षांत अशी कल्पना मी पाहिली नाही! कोणाच्या डोक्यातून निघाली ही?"

 बाई मुलींकडं बघतायत, मुली रेश्माकडं बघतायत. आणि मी (ऐका, गोमतीनं माझं धोतर घट्ट धरलं होतं) उभा राहिलो आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोललो:

"माजी!"

टाळ्या! काय टाळ्या त्या! बाईंनी मला वर नेलं, पाहुण्यांनी गुलाबाचं फूल दिलं. मी ते शेवटच्या रांगेपर्यंत दाखवलं.

कार्यक्रम संपला. फूल घेऊन खाली उतरलो तर पायऱ्यांशी सात आया उभ्या. प्रत्येकीच्या हातात एक पांढरा शर्ट.

"काका, हे डाग निघतील ना?"

इथं कोणीही शहाणा माणूस 'हो' म्हणून सटकला असता. पण कोणी माझ्या कामावर शंका घेतली की मला राहवत नाही. छाती पुढं काढून म्हणालो, "छ्या! नाव नको! होडीचा रंग हाय. खाऱ्या पान्यात दोन वरसं सुटत नाय!"

पुढचा तासभर शाळेच्या मागं मी घासलेटात चिंधी भिजवून सात मुलींचे हात, गाल आणि कान पुसत होतो. आठवी स्वतःच पुसत होती. माझ्याशी बोलत नव्हती. पण कप काखेत घट्ट धरला होता, तेवढ्यावर मी घासत राहिलो.

राहिली तुळिंजची जीन्स. ती परत करणं माझंच काम. चार दिवसांनी, ती पूर्ण वाळल्यावर, एका हातात पापलेटांची पिशवी आणि दुसऱ्या काखेत जीन्स घेऊन तीन जिने चढलो. बेल वाजवायला हात मोकळा हवा म्हणून जीन्स मागं भिंतीशी उभी केली. जिन्यात दिवा नव्हता. पल्लवीच्या आईनं दार उघडलं.

"या काका, या! आणि मागं कोण उभे आहेत? त्यांनाही आत बोलवा ना!"

"त्यांना बसता येत नाय," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. सालीपासून. घरच्या रितीचंही सांगितलं. म्हणालो, "यंदा रीत जरा सरकली." ती बाई हसता हसता दाराला टेकली. पल्लवी आतून धावत आली, जीन्सच्या गुडघ्यावर टकटक वाजवून बघितलं आणि हसत खाली बसली. त्यांनी पापलेटं ठेवून घेतली, जीन्स काही केल्या ठेवली नाही. घरी येऊन रेश्माला तो "त्यांनाही आत बोलवा"चा किस्सा सांगितला आणि पोरगी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. म्हणाली, "आजा, पुढच्या वर्षी मी साडी नेसणार. तुम्ही लांब राहायचं."

लांब राहिलो. हंडा माळ्यावर गेला. जीन्स मात्र अजून आमच्या पडवीच्या कोपऱ्यात आहे. टांगलेली नाही, उभी. कमरेत मी वल्ही ठेवतो. नवा पाहुणा आला की हटकून विचारतो, हे काय म्हणून. मी तोंड उघडायच्या आत गोमती सांगते, "ह्यांचा पुतला. लोकांचा मेल्यावर उभारतात, ह्यांनी जित्तेपनीच उभारला. तो पन अर्धाच!"

अर्धा तर अर्धा. रंग तर बघा, अजून तसाच आहे!