रुखमाला गिऱ्हाईक मिळालं नाही

कल्पनाताई माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे नव्हे, चपलांकडे बघायच्या. "चेहरा खोटं बोलते वं. चप्पल कुठं झिजली ते पाह्य, माणूस कळते," म्हणायच्या. जरीपटक्यातल्या आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी संगणक. मीटिंग संपली की त्यांच्या कागदाच्या पाठीवर मुख्याध्यापकांच्या बुटांचं चित्र असे, सुरकुत्यांसकट.

रुखमा हे पात्र त्यांनी तसंच, चपला बघत शोधलं. इतवारीत हातगाडी ओढणारी, तोंडाची तिखट, बाजारातल्या चोऱ्यांचा छडा लावणारी बाई. शाळा सुटल्यावर घरी बसून ताईंनी तिचं आख्खं कॉमिक काढलं. एका प्रकाशकाने "हातगाडीवालीला कोण वाचणार?" म्हणून पानं परत केली. तेव्हा मीच सुचवलं की इंटरनेटवर लोकांकडून आगाऊ पैसे जमवून छापू. मुदतीत ठरलेली रक्कम भरली तर पुस्तक. नाहीतर सगळ्यांचे पैसे परत.

पहिल्या आठवड्यात नातेवाईक आणि जुने विद्यार्थी धावले. मग सगळं थंडावलं. मी मोहिमेच्या इंटरनेटवरच्या पानावर तेच मुखपृष्ठ पुन्हापुन्हा टाकत होते. ताई वैतागल्या.

"कालचं आज वाढू नको वं. शिळं झालं का लोक ताटावरून उठतात."

त्यानंतर त्या रोज काहीतरी नवीन देऊ लागल्या. एक दिवस रुखमाचं तर्रीपोह्यांवरून झालेलं भांडण. एक दिवस फसलेलं पान, आणि ते का फसलं त्याची कबुली. एका रविवारी तर इतवारीत भर गर्दीत टेम्पोला टेकून त्यांनी हमालांची चित्रं काढली आणि मी ते इंटरनेटवर थेट दाखवलं. लोक हसले, वा वा म्हणाले. नोंदणी मात्र हलेना.

"अंगठे येऊन राह्यले, गिऱ्हाईक नाही," ताई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसाचं चित्र काढायला बसल्या.

पोटात दुखायचं ते त्या लपवत होत्या. एकदा वर्गातच कोसळल्या. धंतोलीतल्या दवाखान्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. त्या शुद्धीवर यायच्या आधी त्यांचे यजमान, विलासभाऊ, यांनी त्यांचा नाकात नळी असलेला फोटो मोहिमेच्या पानावर टाकला. खाली लिहिलं: हिचं हे शेवटचं स्वप्न ठरू नये. भला माणूस. बायकोने डोळे उघडावेत तेव्हा तिचं पुस्तक झालेलं असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत रक्कम भरली.

भाऊंनी हरखून मोबाईल ताईंसमोर धरला. त्या बराच वेळ अभिप्राय वाचत राहिल्या. बरी व्हा, लढा, देव पाठीशी आहे. रुखमाचं नाव एकानेही घेतलं नव्हतं.

"हे काहून केलं हो तुमी?"

"पुस्तक निघन ना आता तुयं."

"पुस्तक कोणी घेतलं? लोकायनं मले घेतलं."

घरी आल्यावर त्यांनी मला समोर बसवून मजकूर सांगितला: मी बरी आहे. दवाखान्याचा खर्च आम्ही भागवला आहे. हे पैसे फक्त पुस्तकाचे आहेत. ज्यांना पुस्तक नको असेल त्यांनी ते परत घ्यावेत. मी म्हटलं, ताई, मुदत संपेपर्यंत थांबा. "टाक," त्या म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, थोडे जातील, बाकीचे रुखमासाठी थांबतील.

लोक थांबले नाहीत. पैसे परत मागणाऱ्यांची रीघ लागली. कुणी लिहिलं, आजाराचं नाटक होतं. कुणी विचारलं, बरी आहे तर भीक कशाला मागितली? मुदत संपली तेव्हा रक्कम पुष्कळच कमी होती. उरलेल्यांचे पैसेही नियमाप्रमाणे परत गेले.

काही महिन्यांनी मी पुन्हा प्रयत्न करू म्हटलं. ताई हसल्या. ते हसणं मला अजून सोसत नाही.

"पुन्हा कराचं तं पुन्हा आजारी पडा लागन वं."

पुढच्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. कारण विचारलं तर घरी काम आहे म्हणाल्या. फोन केला की माझीच चौकशी करून ठेवून देत. मग एका दुपारी विलासभाऊ शाळेच्या फाटकाशी दिसले, डोक्याचे केस काढलेले. गाठ परत आली होती. तेरावंही होऊन गेलं होतं.

"मले एका शब्दानं तरी सांगाचं होतं, भाऊ," मी म्हटलं.

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिनंच नाही म्हटलं. म्हणे, कोणाले सांगू नका. लोकायले वाटन, पुन्हा पुस्तक काढून राह्यली."