तिसरा डबा

गल्लीत त्यांना सगळे तीनदाकाका म्हणत, आणि ते नाव त्यांनी मेहनतीने कमावलेलं होतं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं. गॅसचं बटण तीनदा चाचपायचं. पत्र पेटीत टाकलं तरी फटीतून तीनदा आत डोकावायचं, जसं काही ते उडी मारून बाहेर येणार होतं. बायको होती तोवर ती म्हणायची, "लग्नसुद्धा तीनदा केलं असतंत तुम्ही, पण मी एकदाच हो म्हणाले."

उभा जन्म त्यांनी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काढला होता. काम वजनकाट्यावर. रंगाची भुकटी तोलायची, डब्यात भरायची, आणि डबा कढत पाण्याच्या हौदात रिकामा करायचा. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी नखांच्या कडेला निळी रेघ होतीच. सूनबाई म्हणायची, बाबांना ओळखपत्राची गरज नाही, नुसता अंगठा दाखवला की पुरे.

तर या काकांची नात कॉलेजात होती. अठरा वर्षांची, बोलायला फटाकडी, आणि निबंध अगदी शेवटच्या दिवसापर्यंत न लिहिण्यात पटाईत. एका दुपारी ती एक जाडजूड कादंबरी घेऊन त्यांच्या खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, तुमचं आयुष्य रंगात गेलंय ना? मग मला मदत करा. 'कादंबरीतील रंगांची प्रतीकं' असा विषय आहे. यात एक गल्ली आहे. गल्लीतले झाडून सगळे एकाच हिरव्या रंगाचे कोट घालतात. मळकट, शेवाळी हिरवा. का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय! गाइडमध्ये लिहिलंय, हिरवा म्हणजे कष्टकऱ्यांच्या मनातली आशा."

काका खो खो हसले. "आशा! अगं, तो बिघडलेला काळा आहे. काळा हा एकटा कधीच काळा नसतो. भुकटी असते ती निळसर-हिरवट. तिच्यात थोडा लाल आणि थोडा नारिंगी पडला की मग खरा काळा. नारिंगी टाकायचा राहिला की उन्हात सगळं कापड शेवाळासारखं दिसतं. मग असलं कापड कोण घेणार? मालक कामगारांना वाटून टाकतो, आणि अख्खी गल्ली..."

बोलता बोलता ते थांबले. नात वहीत भराभर लिहीत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"भारी!" ती म्हणाली. "आता पुढचं. नायिकेचे वडील तिला सारखे रंग विचारतात. ऐका. 'बाबा फळ हातात घेऊन उभे राहायचे. म्हणायचे, हे पिवळं आहे ना गं? तू सांग. माझ्या डोळ्यांचा मला भरवसा नाही.' पूर्वी ते रंगाच्या कारखान्यात मोठे मास्तर असतात. एकदा त्यांचा काळा चुकतो. कोणी त्यांना काढत नाही, तेच सोडून जातात, आणि सिमेंटच्या गोदामात पोती मोजतात. तिथे सगळंच राखाडी. गाइड म्हणतं, राखाडी म्हणजे मरण, आणि रंग विचारणं म्हणजे समाजापासून तुटलेपण. शेवटच्या प्रकरणात वडील जातात. आजोबा? पाणी देऊ का?"

आजोबांचा चेहरा उतरला होता. पुस्तक लिहिणाऱ्या बाई कोण, हे त्यांना कोणी सांगायची गरज उरली नव्हती. त्यांच्याच कारखान्यातल्या मास्तरांची मुलगी. तेव्हा दहा वर्षांची होती, बापाचा डबा घेऊन दारापर्यंत यायची.

पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मास्तर म्हणजे कारखान्याचा डोळा. रंगाची भुकटी दर खेपेला वेगळी यायची, कधी तेज, कधी मंद. मास्तर ओल्या टीपकागदावर चिमूटभर भुकटी फुंकायचे, कागदावर ठिपके फुटायचे, आणि ते बघून मास्तर सांगायचे, हा एवढा, तो एवढा. लिहून काही ठेवायचे नाहीत. नमुना आधी रंगवून बघायचेही नाहीत. कधी चुकले नव्हते.

त्या दिवशी कोटांच्या काळ्या कापडाचं मोठं काम होतं. डबे तीन. मोठा काळ्याचा, मधला लालाचा, छोटा नारिंगीचा. वजनावरच्या या तरुणाने दोन डबे हौदात ओतले आणि तिसरा फळीवर, पोत्यामागे राहिला. दिसला तेव्हा कापड बाहेर येऊन वाळतही पडलं होतं. नोकरी दोन महिन्यांची, अजून कायम नाही, बायकोला सातवा महिना. त्याने डबा मोरीत रिकामा केला आणि धुऊन पालथा घातला. मालकाने विचारलं तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "तिन्ही ओतले."

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, मग कापडाकडे. म्हणाले, "मग चूक माझ्याच डोळ्यांची." भांडले असते, शिव्या दिल्या असत्या, तर काकांना पुढचं आयुष्य जरा सोपं गेलं असतं. पण या भल्या माणसाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

काकांनी इतकी वर्षं मनाला एकच समजूत घातली होती, की मास्तरांना दुसरं काम मिळालं, चांगलं चाललं असेल. आणि आता कळत होतं, की आपण त्या माणसाची नोकरी नाही, नजरच काढून घेतली. त्याच्याच घरात, त्याच्याच ताटातल्या फळाबद्दल त्याला लेकीला विचारावं लागलं. काकांना रडू आलं. नातीसमोर आलं याची लाज वाटली, पण आवरलं नाही.

डोळे पुसून ते म्हणाले, "मला त्या बाईंकडे घेऊन चल."

नातीच्या वर्गाने बाईंना प्रश्न पाठवले होते, त्यामुळे पत्ता मिळायला वेळ लागला नाही. रविवारी सकाळी दोघं निघाली. वाटेत काकांनी नातीला सगळं सांगितलं. ती एक अक्षर बोलली नाही. हिच्या तोंडाला कुलूप म्हणजे किती लागलं असेल, याचा अंदाज काकांना होता. मात्र रस्ता ओलांडताना तिने त्यांचा हात नेहमीसारखाच धरला.

त्यांनी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. लेकीसमोर हात जोडायचे. म्हणायचं, तुझ्या वडिलांचे डोळे चांगले होते, चूक माझी होती. माणूस गेलेला आहे, निदान लेकीला तरी खरं कळू दे. कठीण होतं, पण जमण्यासारखं होतं.

बाईंनी दार उघडलं. पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. काकांनी कारखान्याचं नाव घेतलं तसा त्यांचा चेहरा फुलला.

"अय्या, तुम्ही बाबांच्या हाताखाली होतात? या ना, आत या. बाबांना इतका आनंद होईल!"

काकांचे पाय उंबऱ्यावरच खिळले. "पण पुस्तकात तर ते..."

"पुस्तकात मारावे लागले हो, शेवट जमत नव्हता," बाई हसल्या. "खरे एकोणनव्वद वर्षांचे आहेत, आणि माझ्यापेक्षा जास्त जेवतात."

खिडकीशी आरामखुर्चीत मास्तर बसले होते. अंगाने अर्धे झालेले, पण कान तिखट. "कोण आलंय?" मग लेकीकडे वळून, अगदी सवयीने, "शर्ट कुठल्या रंगाचा आहे गं यांचा?"

"आकाशी, बाबा."

नातीने आजोबांकडे बघितलं. आता परत फिरता आलं असतं. दोन जुन्या गोष्टी, चहा, नमस्कार, आणि घरी. कोणालाही काही कळलं नसतं. नात कळवळून कुजबुजली, "नका सांगू, आजोबा. किती म्हातारे आहेत ते." काकांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. मग मास्तरांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले.

"मास्तर, मी वजनावरचा. काळा बिघडला त्या दिवशी मी दोनच डबे ओतले होते. नारिंगीचा पोत्यामागे राहिला. मी तो मोरीत ओतला आणि तुमच्यासमोर खोटं बोललो."

बाई चहा आणायला निघाल्या होत्या, त्या जागीच थांबल्या.

मास्तरांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "नारिंगी."

"हो."

"मी किती सांगितला होता?"

"अर्धा किलो. वर दोन तोळे."

"अर्धा किलो, वर दोन तोळे," मास्तर पुटपुटले. बोटांनी हवेत काहीतरी चिमटीत धरल्यासारखं केलं. "बरोबर आहे. भुकटी मंद होती त्या खेपेची. बरोबरच होतं माझं!" आवाज चढला, आणि मग फाटला. "अरे, लेकीच्या लग्नाचं कापड मी निवडलं नाही! दुकानाबाहेर उभा राहिलो! बायको गेली तेव्हा तिच्या अंगावर कुठलं लुगडं होतं, ते दुसऱ्याला विचारलं मी! डोळ्यांसमोर होती ती माझ्या!"

बाई तोंडावर हात घेऊन रडत होत्या. काका मान खाली घालून बसले होते. मारलं असतं तरी त्यांनी अंग चोरलं नसतं. "माफ करा" हे शब्द त्यांनी तोंडात आणले आणि तसेच गिळले, कारण ते फार लहान वाटले.

मास्तरांचा श्वास हळूहळू खाली बसला. लेक पुढे झाली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. मग पुढे वाकून काकांच्या शर्टाची बाही बोटांत धरली, खिडकीकडे ओढली आणि निरखून बघितली.

"आकाशी नाही हा," ते लेकीला म्हणाले. "जांभळ्याची झाक आहे. तुला कधीच कळलं नाही."

मग बाही सोडली. "तू आता जा. मला तुझा फार राग आलाय."

"हो, मास्तर." काका भिंतीचा आधार घेऊन उठले. नातीने त्यांचा हात धरला. दोघं दारापर्यंत गेली, तेव्हा मागून आवाज आला.

"उद्या ये. राग असेलच, तरी ये. सकाळी ये, उजेड चांगला असतो."