पडद्याच्या बदल्यात एक पान

आमच्या शाळेने मला फसवलं. स्टेजचा पडदा घेतला आणि कबूल केलेलं पान छापलं नाही.

शाळेचा मोठा उत्सव ठरला तेव्हा मुख्याध्यापक फादर गांधीबागेतल्या माझ्या कापडाच्या दुकानात आले. नवीन माणूस, बोलायला गोड. मखमलीचा भाव पाडून मागू लागले. मी म्हटलं, "भाव सोडा. पडदा फुकटच शिवून देतो. शाळेचा इतिहास छापून राहिले ना तुम्ही? त्यात एक पान दुपारच्या वर्गाचं पाहिजे."

"डन, शेठ!" त्यांनी हात पुढे केला. आमच्या बाजारात हात मिळवला की सौदा पक्का.

दुपारचा वर्ग म्हणजे मराठी माध्यमाचा. सकाळचे इंग्रजीवाले घरी गेले की त्यांच्याच बाकांवर आम्ही बसायचो. मी खापा गावाहून शहरात, महाल भागात मामाकडे शिकायला आलो होतो. हा वर्ग सुरू केला एका मंगळुरी फादरनी. मराठी ते आमच्याकडूनच शिकले, म्हणून बोलायचेही आमच्यासारखेच. उन्हात कोणी दुपट्ट्याशिवाय आला की फाटकातच अडवायचे, "काहून गा, डोकं घरी ठेवून आला का?" मग स्वतःचा रुमाल माठाच्या पाण्यात भिजवून त्याच्या डोक्यावर टाकायचे. मी मुद्दाम दुपट्टा विसरायचो.

पुढे पोरं कमी झाली, वर्ग बंद पडला. आमचे ते फादर आता म्हाताऱ्या धर्मगुरूंच्या आश्रमात असतात. पानाचं मी त्यांना सांगून बसलो होतो. गेलो की पहिला प्रश्न, "आलं का गा पुस्तक?"

आलं. त्यात लिहिलंय, शाळा पहिल्यापासून फक्त इंग्रजी माध्यमाची. आणि शेवटी पानभर माझ्याच दुकानाची जाहिरात, मी न मागितलेली!

मी फोनवर भडकलो. मुख्याध्यापक म्हणाले, "शेठ, तुम्हाला पान दिलं ना! ते जुनं मराठीचं उकरून काढलं तर पालक काय म्हणतील?" माणूस वाईट नाही. त्यांना ॲडमिशनची काळजी. मीही गिऱ्हाइकापुढे जुना माल मांडत नाही. पण शब्द दिल्यावर फिरवत नाही.

पुस्तक घेऊन मी आश्रमात गेलो. फादरनी भिंग लावून एकेक पान उलटलं. शेवटी माझी जाहिरात दिसली. "तुझं दुकान मस्त दिसून राहिलं गा," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाले. मग भिंग पुसलं.

"माझ्याच डोळ्याले सापडून नाही राहिलं. आपलं पान कोणतं, सांग ना गा."

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन मिटलं.

पडदा शाळेने ठेवून घ्यावा. पण मुख्याध्यापकांनी आश्रमात यावं, आमच्या फादरच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसावं आणि पान कुठे गेलं ते फादरना स्वतःच्या तोंडाने सांगावं. दोष त्यांच्या डोळ्यांचा नाही, हेही सांगावं. मी दारात उभा राहून ऐकणार आहे.