समोरच्या छतावर मागे चालणारा

“…अरे, तो तर मार्चमध्येच गेला होता. दुकानात त्याच्यासाठी फुलंसुद्धा ठेवली होती. आणि आज बघते, तर समोरच्या छतावर—”

एवढं कानावर आलं आणि शेजारच्या मधुराने दार लावलं. नवऱ्याशी फोनवर बोलत होती. आता पुढचं तिला विचारू कसं? विचारलं तर जिन्यात कान देऊन उभी होते हे कबूल करावं लागणार. माझ्या फजितीला तिथूनच सुरुवात झाली. चहा घ्या, सांगते.

कोरोनाचा पहिला हिवाळा. इथे नेदरलँड्समधल्या वाखनिंगनमध्ये मधुरा एकटी, नववा महिना लागलेला. नवरा पुण्याला वडिलांच्या आजारपणासाठी गेला आणि विमानांच्या घोळात तिकडेच अडकला. “काकू, तिच्यावर लक्ष असू द्या,” रोज फोनवर सांगायचा. लक्ष ठेवायला मला सांगावं लागतं होय?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी रोजच्यासारखा पडदा जरासा सरकवला. समोर सुपरमार्केटचं सपाट छत. धुक्यात छताला चिकटून एक निळी ज्योत सरपटत होती. मग ज्योतीमागचा माणूस दिसला. वाकलेला, तोंड झाकलेलं. आणि चालत होता मागे मागे. कडेपाशी थांबला, मान वळवली आणि सरळ आमच्या खिडक्यांकडे बघत राहिला.

उलट्या पावलांनी कोण चालतं, हे आमच्या संगमेश्वरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

“अहो, उठा. मेलेला माणूस मागे मागे चालतोय.”

“मास्क आहे ना त्याला?” हे पांघरुणातून म्हणाले. “मग झोप.”

मी एकटीच निघाले. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आणि तापलेला तवा. घरात धूर केला तर इथली ती छताची डबी केकाटते, म्हणून मधुराला शालीत गुंडाळून तिच्या गॅलरीत बसवलं.

“काकू, आत्ता? या थंडीत?”

“गप बस. पोटातल्याची दृष्ट काढतेय.”

मिरच्या तव्यावर पडल्या, धूर उठला आणि समोरची ज्योत विझली. मी मनात म्हटलं, लागू पडलं. धूर विरळ झाला, तर माणूसही नाही.

मग जिन्यात जड पावलं वाजली. दार धडधडलं. मधुराने ते उघडलं.

तोच. कोपरापर्यंत काळा, भुवयांवर दहिवर, हातात आग विझवायचं लाल नळकांडं. मी तवा घेऊन मधुरापुढे उभी राहिले. त्याने एक श्वास घेतला आणि त्याला असा ठसका लागला की भिंतीला धरून खालीच बसला. भुताला ठसका लागत नाही, हे मला तेव्हा सुचलं.

“काकू, आग कुठाय विचारतोय तो,” मधुरा म्हणाली. “पाणी द्या त्याला. काल दुकानात कळलं, त्याची छाती मार्चपासून अर्धीच चालते.”

मेला नव्हता. कोरोनाने कित्येक दिवस श्वासाच्या मशीनवर होता. छताखालच्या त्या दुकानात बातमी तेवढी मेल्याची पोचली. आता अर्धवट राहिलेलं छत पुरं करत होता. थंडीत छतावर पसरायच्या डांबरी कापडाची गुंडाळी तडकते, म्हणून ती ज्योतीने तापवत उलगडायची आणि गरम डांबरावर पाय पडू नये म्हणून मागे सरकायचं.

“पण तुझ्या खिडकीकडे का बघत होता?”

मधुराने त्याला विचारलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. ती बराच वेळ हसू दाबत राहिली.

“माझ्या नाही, तुमच्या. रोज अंधारात पडद्याआड एक पांढरा चेहरा दिसतो म्हणे, हलत नाही, नुसता बघतो. त्याची माणसं या कडेला यायलाच तयार नाहीत. शेवटी हाच म्हणाला, मी एकदा मरणाच्या दारात जाऊन आलोय, मी करतो ती बाजू.”