घाटातल्या वळणावर
पेट्रोलचा उग्र वास आला की मला खंडाळ्याच्या घाटातलं एक वळण आठवतं. माझं लग्न लोणावळ्याला, मुलाच्या घरी होतं आणि खोपोलीहून भाड्याच्या मोटारीनं आम्ही घाट चढत होतो. मुलाला मी तोवर पाहिलेलंही नव्हतं. मुहूर्त जवळ आला होता आणि नेमकी अरुंद वळणावर वरून दुसरी मोटार समोर येऊन थांबली. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते." वरचा म्हणाला, "आन् ही चढावर मागं कशी घेऊ? तुमीच सरका." दोघंही हटेनात. तेवढ्यात त्या मोटारीतून मुंडावळ्या बांधलेला तरुण उतरला. आम्हाला उशीर का झाला, हे बघायला नवरदेव स्वतःच निघाला होता! मामांनी त्याला ओळखून घाईघाईनं माझ्यापुढे शाल धरली, पण मी कडेनं पाहिलंच. "चढणाऱ्याचा हक्क आधी. घ्या मागे, दरीकडं मी बघतो," असं आपल्या ड्रायव्हरला सांगून तो अगदी कड्याशी उभा राहिला आणि हाताच्या खुणेनं त्यानं मोटार हळूहळू मागे घ्यायला लावली. आमची वाट मोकळी झाली. अंतरपाट दूर झाल्यावर नवरी लाजली कशी नाही, असं बायका कुजबुजल्या. आज नातवंडं विचारतात, तेव्हा मी सांगते, तुमच्या आजोबांना मी घाटातच पसंत केलं होतं.